खाट, गोळी आणि ताट

पाच वर्षांच्या बोलीवर सुरू झालेले सरकारी प्रकल्प बहुधा दोन कारणांनी गुंडाळले जातात. एक तर पैसे आटतात, नाहीतर साहेब बदलतो. १९५६ साली मद्रासच्या चेटपेट भागात ‘ट्यूबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर’ या नावाने सुरू झालेला प्रकल्पही पाच वर्षांचाच होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल या चौघांनी मिळून तो काढला होता. तो काही गुंडाळला गेला नाही. पुढे आयसीएमआरने त्याला कायमचं आपलं केलं, १९७८मध्ये त्याचं ‘ट्यूबरक्युलोसिस रिसर्च सेंटर’ झालं आणि २०११पासून ‘नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन ट्यूबरक्युलोसिस’. पाटी दोनदा बदलली, पत्ता चेटपेटचाच राहिला.

संस्थेची वाटचाल लिहायची म्हटली की इमारती, संचालकांचे कार्यकाळ आणि पुरस्कार यांची जंत्री देण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. इथे ती जंत्री मोठी होईल, आणि वाचणाऱ्याला त्यातून फारसं काही मिळणार नाही. मला या संस्थेबद्दल आदर वाटतो तो वेगळ्या कारणाने. क्षयरोगाबाबत तिने जगाला जी मोठी उत्तरं दिली, त्यांतली काही पुढे तिनेच पुन्हा तपासायला घेतली, आणि निकाल आपल्या विरुद्ध गेला तेव्हा तोही छापला.

पन्नासच्या दशकात क्षय झाला म्हणजे सॅनेटोरियम, असं समीकरण होतं. आपल्याकडे पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ साली बेल-एअर काढलं, मिरजेजवळ वानलेसवाडीचं आरोग्यधाम होतं. मद्रासच्या बाजूला तांबरमला डॉ. चौरी-मुथूंनी १९२८ साली असंच आरोग्यधाम उभारलं होतं. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी, ठरल्या वेळी थर्मामीटर, आणि महिनोन्‌महिने घरापासून लांब. ज्याच्या घरी मागे कमावणारा कोणी होता त्याला हे परवडायचं. गिरणीतल्या कामगाराला किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला खाट मिळाली तरी ती घ्यायची कशी, हा प्रश्न असायचा. आणि खाटा तरी कुठे होत्या? आयसीएमआरने १९५५ ते १९५८ या काळात देशभर नमुना पाहणी केली, तेव्हा क्षय शहरात जितका आहे जवळपास तितकाच खेड्यातही आहे असं दिसलं. शहरी गिरणगावांचा रोग म्हणून त्याच्याकडे पाहण्याची सवय त्या पाहणीने मोडली. देशातले रुग्ण लाखांनी होते आणि सगळ्या आरोग्यधामांतल्या खाटा मिळून काही हजार.

तेवढ्यात औषधं आली होती. चाळीसच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि पीएएस, १९५२ साली आयसोनायझिड. यांतलं शेवटचं स्वस्त होतं आणि तोंडाने घ्यायचं होतं. मग जो रुग्ण गोळी गिळू शकतो त्याला खाटेवर निजवायचं कशासाठी? प्रश्न साधा होता, पण पाश्चात्त्य देशांत तो निर्णायकपणे तपासणं अवघड होतं. तिथे खाटा रिकाम्या ठेवून रुग्णाला अंधाऱ्या खोलीत परत पाठवायला कोण तयार होणार? मद्रासमध्ये बहुतेक रुग्णांना खाट मिळणारच नव्हती. गरिबीने हा प्रयोग शक्य केला, हे कटू असलं तरी खरं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेतर्फे डॉ. वॉलेस फॉक्स केंद्राचे प्रमुख म्हणून आले आणि १९६१पर्यंत राहिले. लंडनहून डॉ. डेनिस मिचिसन जंतुशास्त्राची बाजू सांभाळत होते. पण रोजचं काम करणारे डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ बहुतेक इथलेच होते. शोधनिबंधांवर देवदत्त, वेलू, रामकृष्णन, राधाकृष्ण अशी नावं दिसतात.

पहिल्या प्रयोगात १९३ रुग्ण घेतले. सगळे शहरातल्या गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांतले, थुंकीत जंतू सापडलेले. कोणी घरी राहायचं आणि कोणी सॅनेटोरियममध्ये जायचं, हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ते आधीच ठरलेलं होतं. दोन्ही गटांना औषध एकच, आयसोनायझिड आणि पीएएस, वर्षभर. सॅनेटोरियमवाल्यांना विश्रांती, देखरेख आणि चांगलं जेवण. घरच्या गटाने आठवड्याला केंद्रात यायचं आणि औषध घेऊन जायचं. बाकी त्यांचं घर, त्यांची गर्दी, त्यांचं काम आणि त्यांचं तुटपुंजं जेवण होतं तसंच.

या प्रयोगातला सगळ्यात जिवंत भाग मला गोळ्या मोजण्याचा वाटतो. पीएएस हे औषध कोणालाही आवडण्यासारखं नव्हतं. मात्रा ग्रॅमांत, पोट बिघडवणारं, मळमळ आणणारं. रुग्ण दोन महिन्यांत बरा दिसू लागायचा, खोकला थांबायचा, ताप जायचा, आणि मग रोज उठून हे गिळायचं कशाला असं त्याला वाटणारच. केंद्रातली माणसं आधी न कळवता रुग्णाच्या घरी जाऊन थडकायची. डब्यात किती औषध उरलंय ते मोजायची आणि लघवीचा नमुना मागायची. त्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की पीएएस घेतलेल्या माणसाची लघवी जांभळट होते. रंग बदलला नाही तर तोंडाने ‘रोज घेतो’ म्हणण्याला अर्थ नाही. कोणी रागावण्यासाठी हे चाललं नव्हतं. औषध हरलं की औषध घेणं हरलं, हे वेगळं काढता आलं नाही तर प्रयोगाचा निकालच फसवा ठरला असता. आपल्या हाताने औषध घेणाऱ्या रुग्णाचा हा प्रश्न फॉक्स यांनी १९५८ सालीच स्वतंत्र लेखात मांडला. देखरेखीखाली औषध देण्याची जी पद्धत नव्वदच्या दशकात ‘डॉट्स’ या नावाने जगभर गेली, तिची मुळं चेटपेटच्या त्या घरभेटींत आहेत.

निकाल १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. वर्ष संपताना रोग आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण सॅनेटोरियमच्या गटात ९२ टक्के होतं आणि घरच्या गटात ८६ टक्के. फरक इतका थोडा की खाटेच्या बाजूने काही बोलावं असं त्यात नव्हतं. उलट सॅनेटोरियममधून काही जण घरच्या ओढीने मुदतीआधीच निघून गेले होते. घरच्यांना लागण होईल ही भीती उरली. तीही तपासली. रुग्णांच्या घरातल्या माणसांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. १९६६ साली आलेल्या त्या निबंधावर पहिलं नाव एस. आर. कामत यांचं आहे. रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांत क्षय वाढला, असं आढळलं नाही. जी काही लागण व्हायची ती निदान होण्याआधीच्या महिन्यांत होऊन गेलेली असते, औषध सुरू झालं की रुग्णाकडून पसरणं झपाट्याने कमी होतं. आजही सुनेला क्षय झाला की तिचं ताट-वाटी वेगळी करणाऱ्या, तिला माहेरी धाडणाऱ्या घरांना हे सांगावं लागतं.

१९६४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने घरी राहून औषधोपचार हीच मुख्य पद्धत मानली. युरोपातली आरोग्यधामं एकेक करून बंद झाली. मद्रासमधल्या दोनशेच्याही आतल्या गरीब माणसांनी आल्प्समधली सॅनेटोरियमं रिकामी केली असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

या प्रयोगाचा आणखी एक निष्कर्ष होता, आणि पुढची सगळी गुंतागुंत त्याच्यातून आली. घरच्या गटाचं जेवण निकृष्ट होतं. उष्मांक कमी, प्रथिनं कमी. सॅनेटोरियमच्या रुग्णांचं वजन जास्त वाढलं. तरीही जंतू दोन्हीकडे सारखेच गेले. १९६१ साली रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी आहारावर वेगळा निबंध लिहिला: औषध नीट मिळालं तर रोग आटोक्यात येण्यासाठी आहार निर्णायक ठरत नाही. विचारलेल्या प्रश्नाला हे बरोबर उत्तर होतं. पण कागदावरून कचेरीत जाताना त्याचा अर्थ ‘क्षयात खाण्याला महत्त्व नाही’ असा झाला. ज्या सरकारकडे धान्याची आधीच टंचाई, त्याला हा अर्थ सोयीचा होता. त्यानंतर कितीतरी वर्षं राष्ट्रीय कार्यक्रमात गोळी होती, ताट नव्हतं.

साठच्या दशकातलं केंद्राचं बाकीचं काम स्वस्त उपचाराच्या शोधात गेलं. पीएएस महाग, म्हणून नुसत्या आयसोनायझिडवर भागतं का, हे १९६०च्या प्रयोगात पाहिलं. भागत नाही, हे कळलं. दिवसाची मात्रा दोनदा विभागून देण्यापेक्षा एकदम दिलेली बरी, हेही कळलं. या प्रयोगाबद्दल वाचताना थोडं अवघडल्यासारखं होतं. जोडऔषध जास्त चांगलं आहे हे ठाऊक असताना काही रुग्णांना एकटं औषध दिलं गेलं. देशाला परवडेल असं काही शोधायचं होतं हे मान्य, पण आजची नीतिसमिती या आराखड्यावर सहज सही करणार नाही.

दुसरा मोठा प्रयोग १९६४ सालचा. रोज गोळ्या घ्यायच्या की आठवड्यातून दोनदा केंद्रात येऊन डोळ्यांदेखत स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन आणि आयसोनायझिड घ्यायचं? दोनदावाल्यांचा निकाल कमी पडला नाही, थोडा वरच राहिला. खंडित उपचाराला शास्त्रीय आधार मिळाला तो इथून. भारताच्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमाने पुढे आठवड्यातून तीनदा औषध देण्याची रीत धरली, तिच्यामागेही याच प्रकारच्या कामाची पुण्याई होती.

दरम्यान १९५९ साली बंगळुरूला नॅशनल ट्यूबरक्युलोसिस इन्स्टिट्यूट निघाली होती. देबाबर बॅनर्जी यांनी तिथे खेड्यांत फिरून पाहिलं की खोकणारी माणसं डॉक्टरकडे जात नाहीत ही समजूत खोटी आहे. अर्ध्याहून अधिक जण दवाखान्यात गेले होते आणि खोकल्याची बाटली घेऊन परतले होते. १९६२चा राष्ट्रीय कार्यक्रम या दोन संस्थांच्या कामावर उभा राहिला: मद्रासने उपचार दिला, बंगळुरूने रुग्ण शोधायचा कुठे ते सांगितलं. कार्यक्रम पुढे का रखडला ही वेगळी आणि लांबलचक कहाणी आहे.

मद्रासजवळच्या चिंगलपुट जिल्ह्यात १९६८ साली बीसीजीची प्रचंड चाचणी सुरू झाली. लाखो लोकांना लस किंवा नुसतं द्रव टोचलं गेलं, कोणाला काय मिळालं हे टोचणाऱ्यालाही माहीत नव्हतं. लस काम करते हे जवळजवळ गृहीत होतं, किती करते एवढंच मोजायचं होतं. १९७९-८०च्या सुमारास पहिले निकाल बाहेर आले आणि सगळेच हबकले. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून बीसीजीने काहीच संरक्षण दिलं नव्हतं. पंधरा वर्षांचा पाठपुरावा पूर्ण झाला तेव्हाही चित्र तेच राहिलं. लहान बाळांना मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि अंगभर पसरणारा क्षय यांपासून ही लस वाचवते, म्हणून ती आजही जन्मतः टोचली जाते आणि टोचून घ्यावी. पण लस टोचून क्षय हद्दपार करू, हे स्वप्न चिंगलपुटमध्ये संपलं. असा निकाल दाबून ठेवायला कारणं पुष्कळ सापडतात. तो दाबला गेला नाही.

रिफाम्पिसिन हे औषध आल्यावर उपचार वर्षा-दीड वर्षावरून सहा महिन्यांवर आला. त्या जुळवाजुळवीतही केंद्र होतं. तीन महिन्यांत भागतं का, हेही करून पाहिलं. तिथे रोग उलटण्याचं प्रमाण फारच निघालं, म्हणून तो नाद सोडला. मणक्याच्या क्षयात सरसकट मोठी शस्त्रक्रिया लागत नाही, बहुतेकांना हिंडतं-फिरतं ठेवून औषधावर बरं करता येतं, हे दाखवणारा प्रयोग मात्र सामान्य माणसाच्या दृष्टीने फार मोलाचा. कितीतरी जणांचे महिनोन्‌महिने प्लास्टरच्या साच्यात पडून राहणं त्याने वाचवलं.

१९९२ साली डॉ. सौम्या स्वामीनाथन इथे रुजू झाल्या. शिक्षणाने बालरोगतज्ज्ञ, त्यामुळे मुलांच्या क्षयापासून त्यांनी सुरुवात केली. मुलांच्या बेडक्यात जंतू सापडत नाहीत, बहुतेक मुलं बेडका काढूच शकत नाहीत, आणि म्हणून त्यांचा क्षय नोंदवहीत येतच नाही. तेव्हाच एचआयव्ही दक्षिणेत पसरत होता आणि दोन्ही रोग एकाच शरीरात भेटू लागले होते. या जोडरोगावर संस्थेत जे काम झालं ते तिच्या जुन्या यशाला आव्हान देणारं ठरलं. एचआयव्ही असलेल्या ३३१ क्षयरुग्णांवर रोजचा आणि आठवड्यातून तीनदाचा उपचार ताडून पाहिला. २०१८ साली निकाल छापून आला: रोजच्या गटात ९१ टक्के बरे, तीनदाच्या गटात ७७ टक्के. वर, खंडित उपचारावर असलेल्या काहींच्या जंतूंनी रिफाम्पिसिनलाच दाद देणं सोडलं. ज्या संस्थेने खंडित उपचाराला जगात मान मिळवून दिला, तिनेच तो या रुग्णांना पुरत नाही असं लिहून दिलं. एका डॉक्टरच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७मध्येच रोजच्या उपचाराकडे वळण्यासाठी मुदत घालून दिली होती आणि त्याच वर्षी देशाने पद्धत बदलली. हा बदल आणखी काही वर्षं आधी व्हायला हवा होता, असं माझं मत आहे. डॉ. स्वामीनाथन पुढे या संस्थेच्या संचालक झाल्या, मग आयसीएमआरच्या महासंचालक आणि २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ.

आणि मग ताटाचा प्रश्न परत आला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव या दांपत्याने चेन्नईच्या या संस्थेच्या आणि राष्ट्रीय कार्यक्रमाच्या साथीने झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ साली ‘रेशन्स’ नावाचा प्रयोग सुरू केला. २,८०० रुग्ण, आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून अधिक माणसं. पाचांतल्या चार रुग्णांचं वजन कुपोषित म्हणावं इतकं कमी होतं. सगळ्या रुग्णांना औषधाबरोबर दिवसाला १,२०० उष्मांक आणि ५२ ग्रॅम प्रथिनं मिळतील असा शिधा दिला. निम्म्या भागात रुग्णाच्या घरच्यांनाही शिधा मिळाला: मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. कुठल्याही रेशन दुकानात दिसेल असंच हे सामान.

२०२३च्या ऑगस्टमध्ये निकाल आले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं, आणि फुप्फुसाच्या, दुसऱ्याला लागण करणाऱ्या क्षयाचं ४८ टक्क्यांनी. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यात मृत्यूही खूप कमी झाले. बीसीजीने मोठ्यांना जे दिलं नाही ते तांदूळ-डाळीने दिलं. १९६१चा निबंध यामुळे खोटा ठरत नाही. जंतू मारायला गोळी पुरते, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. पण गोळी घेणारा अशक्त माणूस जगतो का, आणि त्याच्या शेजारी झोपणारा पुढचा रुग्ण होतो का, हे तेव्हाच्या प्रयोगात विचारलेलंच नव्हतं. ते विचारायला साठ वर्षं लागली, याचा दोष संस्थेपेक्षा तिचा निबंध आपल्या सोयीने वाचणाऱ्यांना जास्त जातो.

निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाला २०१८पासून महिन्याला ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले. हजार रुपयांत एका माणसाचा खुराक कसाबसा निघतो. आणि ते पैसे शिजतात सगळ्या घराच्या भांड्यात, एकट्या रुग्णाच्या नाही. झारखंडचा निकाल खरा मानायचा तर शिधा घरातल्या प्रत्येकाच्या नावाने यायला हवा.

औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावरही संस्थेचं काम चालू आहे. बेडाक्विलिन, डेलामॅनिड यांसारखी नवी औषधं जोडून, इंजेक्शनं टाळून, सहा ते नऊ महिन्यांत उपचार संपवण्याचा तिचा प्रयोग मुंबईसह अनेक शहरांत झाला आणि दहांतले नऊ रुग्ण बरे झाले. या रुग्णांना पूर्वी दीड-दोन वर्षं औषधं घ्यावी लागत. इंजेक्शनांनी काहींचे कान जात.

२०१९ ते २०२१ या काळात, मध्ये करोना असतानाही, संस्थेने देशाची क्षयरोग पाहणी पूर्ण केली. पन्नासच्या दशकातल्या पाहणीनंतर देशभर असं काम पहिल्यांदाच झालं. सव्वातीन लाखांच्या आसपास माणसं तपासली गेली. १५ वर्षांवरच्या दर लाखामागे ३१६ जणांना जंतू सापडलेला फुप्फुसाचा क्षय निघाला. आणि लक्षणं असलेल्या शंभरातले ६४ जण कुठल्याच डॉक्टरकडे गेले नव्हते. बॅनर्जींच्या काळात अर्धेअधिक जण निदान दवाखान्याची पायरी तरी चढले होते.

तेव्हा दोन आठवड्यांवर खोकला रेंगाळला, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन उतरू लागलं, तर बाटली आणून वाट पाहू नका. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी तपासून घ्या. तपासणी फुकट आहे, औषधही फुकट आहे. आणि घरात किंवा शेजारी कोणी उपचार घेत असेल तर त्याची गोळी आणि त्याचं जेवण, दोन्हींची चौकशी करा.